‘सुसंगत’ म्हणजे नेमके काय? जुन्या घरांच्या जतन मार्गदर्शिकेचे परीक्षण

जुन्या वस्तीला जतन क्षेत्राचा दर्जा मिळाला, की तिथल्या घरमालकाच्या हाती आज ना उद्या एक पुस्तिका पडते. घराच्या बाहेरून दिसणाऱ्या भागांची दुरुस्ती कशी करावी, काय बदलता येते, काय बदलू नये आणि वाढीव बांधकाम करायचे झाल्यास ते कुठे व कसे करावे, हे सांगणारी ही मार्गदर्शिका जतन समिती तयार करून घेते आणि परवानगीचे अर्ज तिच्याच आधारे तपासते. शंभरी ओलांडलेल्या एका विटांच्या घराचा मालक या नात्याने गेली दीड वर्षे मी आमच्या क्षेत्राची मार्गदर्शिका वापरतो आहे. नुसती वाचलेली नाही, तर तिच्या आधाराने तीन कामे काढली: दर्शनी भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पुन्हा भरणे, रस्त्याकडच्या चार लाकडी खिडक्यांची दुरुस्ती आणि मागच्या अंगाला एका खोलीची वाढ. पहिल्या दोन कामांत या पुस्तिकेने मला मोठ्या चुकांपासून वाचवले. तिसऱ्या कामात तिच्यापायीच माझे पाच महिने गेले. एकाच पुस्तिकेचे असे दोन टोकांचे अनुभव का यावेत, याचे उत्तर मला तिच्या लिहिण्याच्या पद्धतीत सापडले. जिथे ती नियमामागचे कारण सांगते तिथे ती उत्तम आहे, आणि जिथे ती विशेषणांवर थांबते तिथे घरमालकाला वाऱ्यावर सोडते.

अशा पुस्तिका एकाएकी जन्माला आलेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली, ती ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली जुन्या भिंती खरवडून त्यांना मनातले जुने रूप देण्याच्या प्रथेविरुद्ध. नित्याची डागडुजी करत राहा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, हा तिचा आग्रह होता. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये सबंध जुना भाग नगररचनेच्या नियमांखाली संरक्षित केला आणि बाहेरून होणारे बदल तपासण्यासाठी मंडळ नेमले. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणारी १९६४ ची व्हेनिस सनद आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या इंटिरिअर खात्याने प्रसिद्ध केलेली जतनाची मानके, हे पुढचे दोन टप्पे. त्या मानकांमधील पुनर्वापराची दहा कलमे इतक्या ठिकाणच्या पुस्तिकांत उतरली आहेत, की आमच्या पुस्तिकेतील निम्मी वाक्ये वाचताना त्यांचे नाक-डोळे ओळखू येतात. ही वंशावळ पुस्तिकेने स्वतः एका पानात दिली असती, तर हे नियम कुणा एका समितीच्या लहरीतून आलेले नाहीत, एवढे तरी वाचणाऱ्याला कळले असते. दुर्दैवाने प्रस्तावनेची पाने वस्तीच्या सौंदर्याच्या वर्णनात खर्ची पडली आहेत.

प्रस्तावनेतील एक टीप मात्र कुणीही वगळू नये. पुस्तिकेत ‘करणे आवश्यक आहे’ आणि ‘करावे’ असे दोन प्रयोग जाणीवपूर्वक केलेले आहेत. पहिल्या प्रयोगामागे नियमावलीचे कलम आहे, तर दुसरी नुसती शिफारस आहे. हा भेद न कळल्यामुळे आमच्या शेजाऱ्यांनी दाराच्या रंगासाठी तीन आठवडे परवानगीची वाट पाहिली, जिची त्यांना गरजच नव्हती. इतकी महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी का छापली, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

आता चांगल्या भागाकडे वळतो. विटांच्या दरजांचे प्रकरण हे या पुस्तिकेचे वैभव आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. चुना काय करतो, हे मात्र मला या प्रकरणाने पहिल्यांदा नीट समजावले. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतले, पण साध्या घरांच्या बांधकामात ते सर्रास येण्यास बराच काळ गेला. तोवर विटांच्या मध्ये चुना आणि वाळू. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल तिच्या वाटे बाहेर पडते, आणि ऊन-थंडीने भिंत किंचित हलते तेव्हा तो ताण वीट न सोसता दरज सोसते. झिजायचे ते दरजेने झिजावे आणि पन्नास-साठ वर्षांनी ती पुन्हा भरावी, असा हा हिशेब आहे. त्या जागी कडक सिमेंट भरले, की हिशेब उलटा होतो: ओलीला वाट म्हणून फक्त वीट उरते, पाण्यासोबत आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागालगत साठून स्फटिक होतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी सुटू लागतो.

माझ्या दर्शनी भिंतीवर हे सारे उघड्या डोळ्यांना दिसत होते. आधीच्या मालकाने खिडकीखालचे पाच थर सिमेंटने भरून घेतले होते. त्या थरांवरून बोट फिरवले तर लाल पूड हाताला लागे, विटा आत गेलेल्या, आणि सिमेंटच्या रेघा मात्र ठणठणीत राहून जाळीसारख्या पुढे आलेल्या. वरच्या थरांत, जिथे कुणी हात लावला नव्हता, तिथे चुना झडला होता पण विटांच्या कडा अजून धारदार होत्या. पहिल्या गवंड्याने भिंत पाहून सगळ्याच दरजा सिमेंटने ‘पक्क्या’ करून देतो म्हणून सांगितले होते. पुस्तिकेतील दोन आडव्या छेदांची आकृती, एकीत ओलीचे बाण दरजेतून बाहेर पडतात आणि दुसरीत विटेतून, त्याच्यासमोर धरली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “म्हणजे आजवर आम्ही भिंत मजबूत करत होतो आणि वीट मारत होतो.”

या प्रकरणातील सूचना हातात छिन्नी घेतलेल्या माणसाला उपयोगी पडतील इतक्या नेमक्या आहेत. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत जुना माल काढावा, म्हणजे १० मिलिमीटरच्या दरजेसाठी २० ते २५ मिलिमीटर. त्याहून उथळ भरलेला माल धरत नाही. काढण्याचे काम हातोडी-छिन्नीने करावे, कारण फिरत्या पात्याचे यंत्र उभ्या दरजांत हटकून विटांच्या कडा खाते. नवा माल विटेपेक्षा मऊ असला पाहिजे, आणि शक्य तिथे मूळ मालाइतकाच मऊ. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून कडक उन्हात किंवा गोठवणाऱ्या थंडीत काम काढू नये आणि भरलेल्या दरजा ओल्या गोणपाटाने झाकून ठेवाव्यात. सगळ्यांत मोलाची सूचना नमुन्याची आहे: भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागेत दरजा भरून त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच रंग जुळतो का ते पाहावे, कारण ओला आणि वाळलेला माल यांत फार अंतर पडते आणि दरजेचा रंग पुष्कळसा वाळूवर ठरतो. आम्ही तीन वाळू वापरून तीन नमुने केले. पहिले दोन वाळल्यावर पांढरेफटक दिसले, तिसरा नमुना शोधून काढावा लागला इतका मिसळून गेला.

उणीव एकच, पण ती अवघड जागची आहे. सिमेंटने आधीच भरलेल्या दरजांचे काय करायचे, याविषयी पुस्तिका गप्प आहे. घट्ट धरलेले सिमेंट काढताना वीटच फुटण्याची भीती असते, आणि अशा वेळी ते तसेच राहू देणे अधिक शहाणपणाचे ठरते, हे मला समितीच्या सल्लागार वास्तुविशारदाकडून कळले. आमच्या भिंतीचे पाचपैकी दोन थर आम्ही त्याच कारणाने न छेडता ठेवले.

खिडक्यांचे प्रकरणही त्याच तोडीचे आहे. ‘बदलण्याआधी दुरुस्ती’ हे तत्त्व सगळ्याच पुस्तिका घोकतात. या पुस्तिकेने ते लाकडात शिरून पटवले आहे. जुन्या खिडक्यांचे लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडांचे असते, त्याची वर्षवलये दाट असतात आणि त्यामुळे ते आज बाजारात मिळणाऱ्या झटपट वाढीच्या लाकडापेक्षा टिकाऊ असते. शिवाय जुनी खिडकी सुट्या भागांची बनलेली असते: काच फुटली तर काच बदलता येते, बिजागरी गेली तर बिजागरी, पट्टी कुजली तर तेवढी पट्टी. दुहेरी काचांच्या बंदिस्त खिडकीत दोन काचांमधली सील सुटून आत धुके धरले, की ते सबंध तावदानच फेकावे लागते. वाऱ्याच्या फटींना पट्ट्या लावल्या आणि आतून किंवा बाहेरून जादा तावदान बसवले, तर जुनी खिडकी ऊब राखण्यात नव्या खिडकीच्या जवळपास पोहोचते, हेही तिथे आकृतीसह सांगितले आहे.

एका विक्रेत्याने आमच्या चारही खिडक्या रस्त्यावरूनच पाहून ‘संपल्या’ ठरवल्या होत्या. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सुताराने दाभण घेऊन प्रत्येक चौकट टोचून पाहिली. बहुतेक ठिकाणी दाभण दोन-तीन मिलिमीटरवर अडत होते. तीन खिडक्यांत फक्त खालची आडवी पट्टी, तीही कोपऱ्यापासून वीतभरच, लोण्यासारखी टोचली जात होती. चौथीत झडपेचा खालचा सांधा गेला होता. म्हणजे पाणी साचते तेवढ्याच जागा. कुजका भाग तिरका कापून तशाच लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला, जवसाच्या तेलात मळलेली लांबी (पुटी) भरून जुन्याच काचा परत लावल्या. त्या काचांत समोरचे झाड किंचित लहरत दिसते. नव्या सपाट काचेत ते लहरणे नसते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यालाही संध्याकाळच्या उजेडात हा फरक कळतो. काच जपावी असे पुस्तिका म्हणते तेव्हा ती नुसती हळवी होत नाही, याची खात्री त्या दिवशी पटली.

मात्र याच प्रकरणात एक गोष्ट मला गंभीर वाटते. जुन्या रंगातील विषारी शिशाचा उल्लेख केवळ चार ओळींत उरकला आहे. घरगुती रंगांतील शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. अनेक देशांत त्यासाठी आणखी कित्येक वर्षे जावी लागली. म्हणजे अशा वस्त्यांतील जवळपास प्रत्येक खिडकीवर शिसे असलेला एखादा थर आहे असे धरूनच चालावे लागते. कोरडे घासणे, ज्योतीने रंग जाळणे, आणि घरात लहान मुले असताना भुकटी झाडूने लोटणे, या तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. दरवाजाच्या मुठींच्या आकारावर ज्या पुस्तिकेत दोन पाने आहेत, तिने यासाठी एक सबंध चौकट द्यायला हरकत नव्हती.

रंगसंगती, कुंपणे, पाट्या आणि दिवे यांची प्रकरणे बरी आहेत. ती चाळली तरी पुरे.

वाढीव बांधकामाच्या प्रकरणापाशी मात्र पुस्तिकेचा सूर बदलतो. दरजा आणि खिडक्या यांविषयी बोलताना जी पुस्तिका मिलिमीटरमध्ये बोलत होती, ती इथे ‘सुसंगत’, ‘अनुरूप’, ‘वस्तीच्या स्वभावाशी मेळ खाणारे’ अशा शब्दांत बोलू लागते. मूळ अडचण खरीच आहे, हे मान्य केले पाहिजे. व्हेनिस सनदेने घातलेली अट अशी, की नव्याने बसवलेला भाग सबंध वास्तूत मिसळला पाहिजे आणि तरीही मूळ भागाहून वेगळा ओळखू आला पाहिजे. अमेरिकी मानकांतील नववे कलमही नवे काम जुन्याहून वेगळे पण त्याच्याशी सुसंगत असावे असे म्हणते. मिसळा पण वेगळे दिसा, ही दोन तोंडांची मागणी आहे. तिच्यामागचे कारण मला पटते: जुन्याची हुबेहूब नक्कल केली, तर शंभर वर्षांनी खरे कोणते आणि नकली कोणते हे कुणालाच सांगता येणार नाही. पण हे कारण पुस्तिकेत लिहिलेलेच नाही. ते मला इतरत्र वाचून समजून घ्यावे लागले.

परिणाम असा झाला, की मागच्या खोलीचा पहिला अर्ज मी जुन्या घराची तंतोतंत नक्कल करून दिला. कमानी त्याच, विटांची नक्षी तीच. तो ‘खोटा ऐतिहासिक आभास निर्माण होतो’ या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या अर्जात सपाट छप्पर आणि मोठी काच घेतली, तर ‘वस्तीशी सुसंगत नाही’ असा शेरा पडला. दोन्ही शेरे पुस्तिकेच्या वाक्यांना धरून होते, आणि दोन्हींतून पुढे काय करायचे हे कळत नव्हते. सुसंगतता मोजण्याजोगी आहे, हे मला शेवटी आरेखन करणाऱ्या मुलीने दाखवले. तिने समोरच्या बाजूची सात घरे मोजून एक तक्ता केला: पागोळीची उंची, छपराचा उतार, खिडकीची उंची तिच्या रुंदीच्या किती पट, भिंतीचा किती भाग पोकळ आणि किती भरीव, जोत्याची रेषा कुठून जाते. त्या आकड्यांच्या टप्प्यात नवी खोली बसवली, जुन्या भिंतीला जिथे ती भिडते तिथे हातभर मागे घेतलेला सांधा ठेवला, नक्षी वगळली आणि साध्या विटा घेतल्या. तिसऱ्या अर्जाला एकाच बैठकीत मंजुरी मिळाली. हा तक्ता पुस्तिकेतच का नाही? वस्तीची पाहणी समितीने केलेली असते, मोजमापे तिच्या दप्तरात असतात. ती छापली असती तर प्रत्येक घरमालकाला फीत घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागले नसते.

या प्रकरणातील चित्रांविषयीही तक्रार आहे. बरोबरची आणि चुकीची अशी शेजारी-शेजारी रेखाटने दिली आहेत खरी, पण चुकीची रेखाटने इतकी ओबडधोबड आहेत की तसे घर कुणी बांधणारच नाही. खरी गरज आहे ती जेमतेम मान्य होणारे आणि थोडक्यात नाकारले जाणारे अशा दोन उदाहरणांची, म्हणजे रेषा कुठे ओढली जाते ते दिसेल.

प्रकरणांच्या क्रमातही विचार झालेला नाही. पहिले प्रकरण दर्शनी सजावटीचे, आणि पन्हळी, पागोळ्या, पावसाचे पाणी यांचे प्रकरण शेवटून दुसरे. जुन्या घराचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. आमच्या खिडक्या कुजल्या त्या वरच्या पन्हळीचा एक सांधा निसटल्यामुळे, आणि दरजा झडल्या त्याही त्याच उभ्या पट्ट्यात. क्रमाने वाचणारा घरमालक आधी रंगरंगोटीवर पैसे घालवील आणि पन्हळीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा खिसा रिकामा होईल. सौर तावदाने, वातानुकूलनाची यंत्रे आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतरण या आजच्या गरजांना मिळून दीड पान मिळाले आहे. ‘रस्त्यावरून दिसू नये’ एवढेच त्याचे सार. मागच्या बाजूला सूर्य येत नसेल तर काय, याला उत्तर नाही.

पुस्तिकेसोबत समिती अर्जापूर्वी तासाभराची चर्चा देते, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. दुसरा अर्ज फेटाळला गेल्यावर मी तिथे गेलो. खरे तर पहिल्या अर्जाआधीच जायला हवे होते. कच्चे रेखाटन, घराच्या चारही बाजूंची छायाचित्रे आणि शेजारच्या दोन घरांची छायाचित्रे सोबत नेली, तर तिथली माणसे मोकळेपणाने बोलतात; रिकाम्या हाताने गेल्यास पुस्तिकेतीलच वाक्ये वाचून दाखवतात. सिमेंटच्या दरजांविषयीचा सल्ला मला तिथेच मिळाला, आणि नवी खोली मागे घ्यावी हे प्रथम सुचवले गेले तेही तिथेच.

ज्याला भिंत, खिडकी, छप्पर यांची दुरुस्ती करायची आहे, त्याने गवंडी किंवा सुतार ठरवण्याआधी ही पुस्तिका जरूर वाचावी, आणि पाण्याचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे. ज्याला घर वाढवायचे आहे, त्याने तिच्यावर भिस्त न ठेवता शेजारची घरे स्वतः मोजावीत. प्रत छापील घ्यावी. पडद्यावरच्या प्रतीत आकृत्या पुसट आल्या आहेत आणि दरजांच्या छेदातील बाण दिसतच नाहीत. माझ्या प्रतीतील ती दोन पाने आता चुन्याच्या बोटांनी इतकी मळली आहेत, की गवंड्यासाठी मी दुसरी प्रत मागवली आहे.